पेंढ्यावरून चाललेले साहेब

गेल्या महिन्यात पुण्याहून एका मुलाचा फोन आला. आवाज गोड, बोलणं आर्जवी. "कारखानीस सर गेले. त्यांच्यावर आम्ही स्मरणिका काढतोय. तुम्ही पेण तालुक्यात त्यांचं काम जवळून पाहिलंय, तर दोन पानं आठवणी लिहून द्याल का?" मी म्हटलं, "बाळा, मी त्यांच्याबद्दल चांगलं लिहिणार नाही." तो हसला. म्हणाला, "चालेल ना बाई, मोकळेपणानं लिहा. सरांना टीका फार आवडायची."

आवडायची, हे खरं आहे. जेवणानंतर बडीशेप चघळावी तशी ते टीका चघळायचे आणि वर पाणी पिऊन मोकळे व्हायचे. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. पण चालेल म्हणालास ना, मग घे आता. छापायचं की नाही ते तुझं तू बघ.

सरकारी शाळा कशा सुधाराव्यात आणि गरिबाच्या पोराला श्रीमंताच्या पोरासारखंच शिक्षण कसं मिळावं, या मोठ्या अभ्यासाचे कारखानीस साहेब प्रमुख होते. त्यासाठी ते दोन-अडीच वर्षं पेणला येऊन राहिले. विषय असा की विरोध करणाऱ्यालाच पापी वाटावं. तेव्हा मी खारातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातल्या, एका गावी दोन शिक्षकांच्या शाळेत होते. मूळची मी रोह्याकडची, भातशेतीतली. खाडी मला नोकरीनंच दाखवली. गावाचं नाव लिहीत नाही. उगाच परत कोणी अभ्यासाला जायचा.

साहेब उंच, काटकुळे. अंगात अर्ध्या बाह्यांचा खादीचा शर्ट आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्या बुटांवर त्यांचा भारी जीव. पेणला एका गणपतीच्या कारखान्यावरची खोली त्यांनी भाड्यानं घेतली होती. खाली ओळीनं बिनरंगाचे गणपती वाळत घातलेले असायचे. त्यांच्यासाठी आणलेल्या पांढऱ्या रंगातला चमचाभर रंग मागून घेऊन साहेब रविवारी बूट रंगवायचे, असं कारखान्यातला पोऱ्या मला सांगायचा. रंगाचे पैसेही द्यायचे म्हणे. कोणाचं काही फुकट घ्यायचे नाहीत. शाळेत चहा दिला तर कपाखाली नाणं ठेवून जायचे. आमचे ठाकूर गुरुजी, म्हणजे मुख्याध्यापक, त्या नाण्याकडे असे बघायचे की कोणीतरी कानफटात मारली असावी.

आणि त्यांची ती सवय. माणूस दिसला की पहिला प्रश्न, "कितवीपर्यंत शिकलात?" दुसरा, "का सोडलंत?" रिक्षावाला असो, मच्छीवाली असो, एसटीचा कंडक्टर असो, नाव-गाव नंतर, आधी कितवीपर्यंत. समोरचा उत्तर द्यायचा. कोणाचा बाप गेलेला, कोणाची आई आजारी, कोणाला मास्तरनं मारलेलं. साहेब ऐकायचे आणि मान हलवायचे. अशी हळू, खोल, डोळे मिटून हलवायचे की सांगणाऱ्याला वाटायचं, आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आपलं ऐकतंय. अख्खा तालुका त्या मानेवर लट्टू. "काय देवमाणूस हाय!" बायका म्हणायच्या. मलाही पहिले चार महिने तसंच वाटलं. मग एकदा त्यांनी आमच्या मच्छीवालीला तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तिनं बिचारीनं तीच कहाणी तिसऱ्यांदा सांगितली आणि त्यांनी तीच मान तितक्याच खोल हलवली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. याला काहीही ऐकू येत नाही. याची फक्त मान हलते.

मुलांना ते सरसकट "बाळ" म्हणायचे. एकाचंही नाव त्यांनी लक्षात ठेवलं नाही.

आता आमच्या शाळेचं सांगते. दोन खोल्या, कौलं, पुढे वडाचं झाड. पट कमीच. सगळी मुलं खाडीकाठच्या शेतकऱ्यांची आणि मिठागरात राबणाऱ्यांची. शाळेची किल्ली असायची हिराबायच्या घरी. हिराबाय ही शाळा समितीची अध्यक्ष. मिठागरात फावडं मारून तिच्या हाताला घट्टे पडलेले, आवाज असा की या बांधावरून त्या बांधावर जायचा. तिची मुलगी मनीषा तिसरीत. रोज मी एसटीतून उतरून पोचायच्या आत मनीषानं कुलूप काढलेलं, वर्ग झाडलेले, फळा पुसलेला. एकदा मी म्हटलं, "अगो, हे शिपायाचं काम. तू कशाला करतेस?" तर म्हणाली, "बाई, पहिली मी आत शिरते ना, तवा शाळा माझ्या एकटीची असते." वाचायची तर अशी घडाघडा की ठाकूर गुरुजी म्हणायचे, ही पोर माझी खुर्ची घेणार एक दिवस.

खाडीची एक शेपटी आमच्या गावाच्या आणि पलीकडच्या मोठ्या गावाच्या मधे घुसलेली आहे. मोठ्या गावात केंद्रशाळा: पक्की इमारत, कॉम्प्युटर, वाचनालय, इयत्तेगणिक शिक्षक. सरळ बांधावरून गेलं तर हाकेवर. पण बांधाला मध्येच खांड पडलेली, म्हणजे पाण्यानं फोडून नेलेला तुकडा. ओहोटीला तिथून गुडघाभर चिखल तुडवत जाता येतं. भरतीला तिथं लहान पोर बुडेल इतकं पाणी, आणि उधाणाला बांधच दिसत नाही. एसटीनं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस जातो. शाळेची घंटा रोज एकाच वेळी होते, पण पाण्याची वेळ रोज पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेला तर भर दुपारी पाणी टेकतं. हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही कळतं, म्हणून कोणी मुद्दाम सांगत बसत नाही. इथंच सगळा घोळ झाला.

साहेबांच्या अभ्यासाचा निष्कर्ष सुरुवातीपासून एकच होता. लहान शाळा म्हणजे गरिबाला गरीब शिक्षण. ती बंद करायची, मुलं मोठ्या शाळेत न्यायची, सगळ्यांना सारखं मिळेल. "समान संधी, बाई, समान संधी!" असं म्हणताना ते दोन्ही तळवे तराजूसारखे समोर धरायचे. मी म्हटलं, "साहेब, मधलं पाणी?" तर पायातला बूट काढून त्यांनी मला अंगठा दाखवला. नख नव्हतं. "मी साताऱ्याकडचा. डोंगर उतरून शाळेला जायचो, अनवाणी. दगडाला ठेचकाळून हे नख गेलं. म्हणून शाळा सोडली का? नाही सोडली." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. तेवढं खोटं नव्हतं, हे मी कबूल करते. पण डोंगराला भरती येत नाही हो! हे मी त्यांना तेव्हाच तोंडावर म्हटलं. त्यांनी मान हलवली.

गावाला कुणकुण लागली की साहेब शाळा बंद करायला निघालाय. हिराबायनं तिच्या परीनं उपाय केला. आमच्या भागात साहेबलोकांना जिताडा देण्याची जुनी रीत आहे. खाडीचा मोठा मासा, चवीला असा की बदली थांबते म्हणतात. हिराबायच्या नवऱ्यानं मिठागराजवळच्या तळ्यात दोन वर्षं पोसलेला जिताडा काढला. केळीच्या पानात गुंडाळून, टोपलीत घालून ती तो घेऊन पेणला गेली, आणि मला सोबत नेलं.

साहेबांनी दारातच हात मागे बांधले. "मी काही घेत नाही."

हिराबाय म्हणाली, "सायेब, इकत नाय आनलेला. घरचा हाय. पोरांकडून समजा."

"घरचा असो की बाजारचा. अशानंच आपली व्यवस्था सडलीय, बाई." मग त्यांनी तिथंच, जिन्याच्या पायरीवर, तिला भ्रष्टाचारावर समजावून सांगितलं. खालचे मूर्तिकार काम थांबवून ऐकत होते. वर तिला म्हणाले, "तुम्ही कितवीपर्यंत शिकलात?" तिला! तोंड लाल झालेलं, डोक्यावर टोपली, आणि कितवीपर्यंत! ती तशीच वळली, खाली येऊन एसटी स्टँडवर बसली, टोपली पायाशी. उन्हात मासा किती वेळ टिकणार? शेवटी तिनं तो तिथल्याच एका मच्छीवालीला देऊन टाकला, फुकट. म्हणाली, "बाई, एक सांगते, ध्यानात ठेवा. जो घेत नाय, तो देत पन नाय."

मी तेव्हा हसले होते. पण खरं सांगते, हा माणूस पैसे खाणारा असता तर बरं झालं असतं. आम्ही वर्गणी काढली असती, कोंबडं कापलं असतं, आणि शाळा राहिली असती. प्रामाणिक माणसापुढे गरिबाचा काही इलाज चालत नाही.

मग तो रस्ता बघण्याचा दिवस आला. वरून कोणीतरी साहेबांना विचारलं असावं, मुलं जाणार कशी, रस्ता पाहिलात का? साहेबांनी जाहीर केलं, "मी स्वतः चालून बघतो. टेबलावर बसून अभ्यास करणाऱ्यातला मी नाही." मला मनातून उकळ्या फुटल्या. ये म्हटलं बाबा, ये एकदा खांडीत. एकदा गुडघाभर रुतलास, पांढरा बूट चिखलात हरवला, की तुझी समान संधी तुझ्या घशात जाईल.

ठाकूर गुरुजींनी हिराबायला विचारलं, "कधी बोलवायचं?" ती म्हणाली, "अष्टमीला बोलवा गुरुजी. भांग असतो, पानी मऊ असतं." भांग म्हणजे उधाणाच्या उलट, भरती जास्त चढत नाही ते दिवस. मी कपाळावर हात मारला. "अगो हिराबाय, पौर्णिमेला बोलव! त्याला पाणी दिसू दे!"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी अभद्र बोलले. "पावना हाय ना वो बाई. पावन्याला उधानात घालू? बुडला म्हंजे?"

अष्टमीच्या दिवशी मी सकाळी शाळेत पोचले तर शाळेत कोणी नाही. सगळा गाव बांधावर. चिखलावर जाड पेंढा पसरलेला, नवा, पिवळाधमक, सणाला अंगण सारवून ठेवावं तसा. खांडीवर माडाची दोन खोडं आडवी टाकून वर फळी ठोकलेली. धरायला बांबूचा कठडा. पुरुष बाजूच्या खोल चिखलात कमरेपर्यंत उभे राहून कठडा घट्ट करत होते, बायका डोक्यावरून पेंढ्याचे भारे आणत होत्या, आणि मनीषा हातानं पेंढा सारखा करत होती.

माझं डोकंच फिरलं. "काय चालवलंय हे? तुमची शाळा बंद करायला येतोय तो माणूस! त्याला चिखलातून चालू दे! त्याला कळू दे!"

हिराबाय कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "बाई, तुमी वरच्या गावच्या. तुमाला नाय कलायचं. पावन्याचे पाय भरले तं गावाची लाज जाते. लोक काय म्हनतील, खारातले असेच, मानसाला चिखलातून आनतात?"

"अगो, पण शाळा जाईल ना!"

"नाय जात. चांगला मानूस हाय. बगेल, आमी किती करतो त्याच्यासाठी. मानसाला कलतं."

मी पेंढ्याच्या कडेला चिखलात उभी राहिले रागानं. माझी साडी भरली, तेवढाच माझा निषेध.

साहेब आले, हातात फाइल घेतलेला मदतनीस बरोबर. बांधावर थांबले, पेंढ्याकडे बघितलं. ती गोष्ट मी कधी विसरायची नाही. त्यांनी खाली वाकून पेंढ्याची एक काडी उचलली, बोटात फिरवली, हसले. ताजा पेंढा कुणालाही ओळखता येतो, आणि हा तर डोंगरातल्या शेतकऱ्याचा पोर. सगळं कळलं त्यांना. काडी टाकून दिली आणि चालू लागले. फळीवरून जाताना दोन्ही बाजूंनी चिखलातल्या माणसांनी त्यांच्या कोपराला आधार दिला. पलीकडे पोचल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. बूट पांढरेशुभ्र.

"पाणी येतं का इथं?" त्यांनी विचारलं.

आणि आमची ही लाजरी माणसं! पाहुण्यापुढे आपलं दुखणं काढायचं नाही. हिराबायचा नवरा हात जोडून हसला, म्हणाला, "येतं नं जातं, सायेब."

साहेबांनी मदतनिसाकडे बघितलं. त्यानं ते तसंच लिहून घेतलं. मी पुढे झाले, म्हटलं, "साहेब, हा पेंढा आज सकाळी टाकलाय. ही फळी तुमच्यासाठी आहे. पौर्णिमेला या, मी दाखवते." ते म्हणाले, "बाई, तुमची नोकरी कुठं जात नाही. तुमचं समायोजन रोह्याकडे करून देतील, तुम्हाला घर जवळ पडेल." अस्सा संताप आला! सगळ्या गावासमोर मला बदलीचा घास दाखवला, आणि वर मान हलवली.

नंतर पेणला सभा झाली. मोठा हॉल, अधिकारी, शिक्षक, जवळच्या गावांतले समितीवाले. साहेबांनी भाषण केलं. बोलायचे छान, त्यात वाद नाही. म्हणाले, खारातल्या मुलांना आपण वर्षानुवर्षं दोन खोल्यांच्या अंधारात ठेवलं, कारण आपल्याला त्यांची कीव येते. कीव नको, हक्क द्या. टाळ्या. मग म्हणाले, रस्ता आहे. मी स्वतः चाललो.

हिराबाय उठली. तिला कोणी बोलायला सांगितलं नव्हतं. नवीन लुगडं नेसून आली होती, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. मिठागरावरचा तिचा तो आवाज त्या हॉलमध्ये बारीक झाला होता. "सायेब, तुमी चाललाव तो पेंढा आमी टाकलेला. फली आमी टाकलेली. तुमच्या पायांसाठी. दुसऱ्या दिशी पानी आलं नं पेंढा नेलान. तो रस्ता नाय. तो तुमचा मान होता."

मी म्हटलं, आता बोल. आता काय बोलशील?

साहेबांनी डोळे मिटले, मान हलवली. आणि मग दोन्ही तळवे पुढे करून म्हणाले, "बघा! या ताईंनी माझाच मुद्दा सिद्ध केला. गावानं मनावर घेतलं तर एका सकाळीत रस्ता होतो. एका पाहुण्यासाठी जे करता, ते स्वतःच्या मुलांसाठी का नाही करत? यालाच मी लोकसहभाग म्हणतो!"

टाळ्या! केवढ्या टाळ्या! शिक्षक वाजवत होते, अधिकारी वाजवत होते. माझ्या शेजारची बाई वाजवत होती, तिला मी कोपरानं ढोसलं. हिराबाय उभीच होती. लोक आपल्याकडे बघून टाळ्या वाजवतायत हे बघून ती गोंधळली, आणि तिनं सगळ्यांना हात जोडले. ते बघून मी उठून बाहेर आले. रोज भरती-ओहोटी येते-जाते तिथं रोज पेंढा आणायचा कुठून, मिठागरात मजुरीला जायचं कधी, हे त्या हॉलमध्ये कोणी विचारलं नाही.

जूनमध्ये शाळा बंद झाली. माझी बदली रोह्याला केली, घराजवळ. साहेबांनी शब्द पाळला. मुलं पहिले काही दिवस बांधावरून गेली, दप्तर डोक्यावर घेऊन, कपडे पिशवीत घालून. चिखलानं भरलेली पोचायची, हातपाय धुवून वर्गात शिरायची तोवर पहिला तास संपलेला. मग उधाण आलं आणि पोरं अलीकडेच बसून राहिली. एकदा एक मुलगा खांडीत गळ्यापर्यंत गेला, त्याला केसाला धरून ओढला. त्यानंतर आयांनी पोरांना सोडलंच नाही. थोरल्या मुलांनी पुढे मामाकडे, आत्याकडे राहून शिक्षण केलं. मुलींना कोण ठेवून घेणार? मनीषाचं सुटलं ते सुटलंच. ठाकूर गुरुजी एकदा भेटले तेव्हा म्हणाले, बंद शाळेची किल्ली ती देतच नव्हती. सकाळी कुलूप काढून आत जाऊन बसायची. शेवटी कुलूपच बदलावं लागलं.

मी पेणला साहेबांच्या खोलीवर गेले. भांडायलाच गेले होते. त्यांनी चहा केला, स्वतःच्या हातानं. मी बोलत राहिले, मनीषाचं नाव घेऊन सांगितलं. ते म्हणाले, "गळतीची नोंद मी घेतलीय. पालकांची उदासीनता हा दुर्दैवानं मोठा घटक आहे." मी म्हटलं, "उदासीन? तुमच्या बुटांसाठी कमरेएवढ्या चिखलात उभी राहिलेली माणसं उदासीन?" तर म्हणाले, "बाई, तुम्ही भावनिक होताय." मी कपातला चहा तसाच ठेवला, शेजारी एक नाणं ठेवलं आणि निघून आले. आयुष्यात तेवढंच एक त्यांच्याकडून शिकले.

त्या अभ्यासाला पुढे मानसन्मान मिळाले. असोत बापडे.

शेवटचे दिसले ते गेल्या वर्षी, रोह्याजवळ वरसेला. निवृत्तीनंतर मी तिथं मुलाकडे राहते. साहेबही म्हातारपणी मुलीकडे राहायला आले होते, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर. जावई जवळच धाटावच्या औद्योगिक वसाहतीत, कंपनीत. मी त्यांना लांबून बघायची आणि रस्ता बदलायची. आणि मनीषाही तिथंच. रोह्याकडे दिलेली, एक मुलगी पदरात, धाटावला एका कंपनीत पॅकिंगला, ठेकेदाराकडे. पहिल्या शिफ्टची बस नाक्यावर येते, तिथं ती उभी असायची. मी दूध आणायला निघाले की दोन शब्द बोलायचे.

त्या सकाळी गल्लीत पाइपलाइनसाठी खोदलेलं, मी दूध घेऊन येईपर्यंत पाइप फुटून सगळीकडे पाणी आणि लाल चिखल. साहेब काठी टेकत आले. पायात कॅनव्हासचेच बूट, पांढरे. चिखलाच्या कडेला थांबले. पुढे येता येईना, मागे फिरवेना. मी या बाजूला, नाक्यावर मनीषाजवळ होते. खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, उभा राहा आता. आज पेंढा नाही.

तेवढ्यात मनीषानं डबा खाली ठेवला, सलवार वर खोचली आणि चिखलात उतरली. बांधकामाच्या ढिगातल्या विटा उचलून एकेक मांडत गेली, पार त्यांच्या पायाशी. मग हात पुढे केला. "या बाबा. सावकास."

तिच्या हाताला धरून ते विटांवरून आले. इकडे आल्यावर काठी सावरली, तिच्याकडे बारीक डोळे करून बघितलं. आणि विचारलं, "कितवीपर्यंत शिकलीस, बाळ?"

"तिसरी," मनीषा म्हणाली.

"का सोडलीस?"

ती पायाचा चिखल विटेच्या कडेला पुसत होती. "शाला लांब गेली," म्हणाली.

साहेबांनी डोळे मिटले. मान हलवली, तशीच, हळू आणि खोल. "अरेरे. अंतर," ते म्हणाले. "अंतर हा फार मोठा घटक आहे बघ." आणि काठी टेकत निघून गेले.

मी म्हटलं, "मनीषा, ओळखलंस का गो तू त्याला?"

"व्हय बाई. लांबूनच. बुटावरून."

"आणि तरी विटा टाकल्यास?"

तिनं डबा उचलला. "मंग काय करू? म्हातारा मानूस. पाय भरले असते त्याचे."

कंपनीची बस आली. ती तशाच भरलेल्या पायांनी चढली, खिडकीतून मला हात केला. बस गेल्यावर मीही घरी निघाले. दुसरी वाट नव्हती, त्या विटांवरूनच आले.